गब्दूचे पाय

५ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र समेटासाठी नाही, आधीच सांगून ठेवते. गब्दूच्या पहिल्या वाढदिवसाला, भरल्या घरात, लाँड्रीच्या गिऱ्हाइकांच्या देखत तू माझ्या सासूबाईंना विचारलंस, "पोराला जेवायला घालता की खळ पाजता?" मग ह्यांनी तुला दार दाखवलं आणि मी तोंड मिटून उभी राहिले. त्यावर मला आजही काही बोलायचं नाही. मुलांच्या वॉर्डात नर्स झालीस म्हणून जगाला शहाणं करायचा मक्ता तुला कुणी दिलेला नाही. झालं. आता कामाचं.

गब्दूला पुन्हा खोकला झालाय. उन्हाळा संपल्यापासून चाललंय हे. बरा होतो, चार दिवस खेळतो, की परत छातीत घुरघुर सुरू. गल्लीतले डॉक्टर दर वेळी तेच लाल औषध हातावर ठेवतात. तुमच्याकडे अशा मुलांना काय देतात त्या औषधाचं नाव लिहून पाठव. बाकी काही नको.

फोन करू नकोस. फोन लाँड्रीच्या काउंटरवर असतो आणि त्यावर बोललेलं पार मागच्या हौदापर्यंत ऐकू जातं. आमच्या गिऱ्हाइकांत एक मास्तरीणबाई आहेत. हे पत्र त्या स्वतः टपालपेटीत टाकतील. तू त्यांच्या शाळेच्या पत्त्यावर पाठव, त्या कोट धुवायला देतील आणि तुझं उत्तर कोटाच्या खिशात असेल. कपडे भट्टीत टाकायच्या आधी खिसे तपासायचं काम या घरात माझं आहे. तेवढ्या एका कामात कुणी लुडबुड करत नाही.

धाकटी


१४ नोव्हेंबर

ताई,

मी औषधाचं नाव विचारलं होतं. तू तर उलटतपासणीच घेतलीस! काय खातो, किती खातो, अंगावरचं दूध कधी तोडलं, केस कसे आहेत, कातडी कशी आहे. अगं, खोकला छातीत आहे त्याचा, डोक्यावर नाही. पण तू उत्तर घेतल्याशिवाय सोडणारी बाई नव्हेस, म्हणून सांगते.

खातो. चांगला खातो. दिवसभर काही ना काही त्याच्या पोटात जातच असतं. सासूबाई स्वतः भरवतात, मांडीवर घेऊन, गोष्टी सांगत. मला इस्त्रीच्या टेबलापासून हलायला मिळत नाही. एक कॉलर उचलली की तिच्यामागे कपड्यांची अख्खी गाडी उभी असते.

आता तुला हवं ते. हो, त्याचं जेवण गाळून देतात. सासूबाईंच्या खळीचं नाव आहे या भागात. खळीत बारीकशी गाठ राहिली तरी इस्त्रीखाली पांढऱ्या शर्टावर पिवळा ठिपका उमटतो आणि गिऱ्हाईक तोंडावर शर्ट फेकतं. म्हणून त्या खळ आधी चाळणीतून गाळतात आणि मग मलमलच्या फडक्यातून पिळतात. गब्दूचं जेवणही तसंच. फडकं वेगळं आहे, उकळलेलं आहे, नाक मुरडू नकोस. भात, डाळ, भाजी, जे शिजेल ते घोटायचं, पाणी घालायचं आणि पिळायचं. खाली उतरतं ते गब्दूचं. फडक्यात राहतं ते कुत्र्याचं. आमचं कुत्रं बघ येऊन, काय तुकतुकीत झालंय!

हसू नकोस. ह्यांच्या आधी सासूबाईंना एक मुलगा होता. गब्दूएवढा असताना गेला. घास अडकला, छातीत उतरला, खोकून खोकून गेला, असं त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून. त्या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगू की गाळू नका म्हणून? दूध, केळं, अंडं यांनी कफ होतो, म्हणून ते बंद. अंगावरचं वर्षाचा झाल्यावर तोडलं, कारण मी दिवसभर वाफेत उभी आणि वाफेतल्या बाईचं दूध बाधतं म्हणे. मी वाद घातला नाही. दमले होते.

आणि तू समजतेस तसा तो वाळलेला नाही, कळलं? गाल असे की येणारं-जाणारं प्रत्येक गिऱ्हाईक ओढून जातं. पाय तर बघत राहावेत असे, चकचकीत, भरलेले. उगाच का गब्दू नाव पडलं? केस जरा तांबूस झालेत, ते उन्हाने. पोटऱ्यांची साल निघते, ती साबणाच्या पाण्याने. आधी हौदापाशी रांगायचा, खेळायचा. हल्ली रांगत नाही, एका जागी बसून कुरकुरतो. खोकल्याने बेजार झालंय पोर.

आता तरी औषधाचं नाव पाठव.

धाकटी


२६ नोव्हेंबर

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढ्याशा चिठ्ठीला टपालखर्च कशाला केलास असं वाटलं आधी. "त्याच्या पावलावर अंगठा दाबून धर. थोड्या वेळाने उचल. काय दिसतं ते लिही."

आज सासूबाई अंघोळीला गेल्यावर मी त्याचे मोजे काढले.

खड्डा पडला, ताई. मी अंगठा उचलला आणि खड्डा तिथेच राहिला. भिजवलेल्या पिठात बोट रुतावं तसा. दुसऱ्या पावलावर दाबून पाहिलं. तिथेही तसाच. मी वेड्यासारखी ते खड्डे चोळून बुजवत बसले, कुणाला दिसू नयेत म्हणून. गब्दू माझ्याकडे बघत होता. हसला नाही, रडला नाही. मी त्याला गुदगुल्या केल्या तर मान फिरवली.

म्हणजे हे बाळसं नाही. पाणी आहे. माझ्या पोराच्या अंगात पाणी भरलंय आणि आम्ही दृष्ट काढायच्या गोष्टी करतोय.

ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "मोजे घट्ट असतील." मी म्हटलं, मोजे माझ्या हातचे आहेत, सैल आहेत. तर म्हणाले, "हे बघ, आईला यातलं काही बोलू नकोस. एक गेलाय तिचा." आणि हौदावर निघून गेले. ह्यांना राग येत नाही, ताई, हाच माझा वनवास आहे. भिंतीशी तरी डोकं आपटता येतं. हे म्हणजे उशी.

म्हणून मी स्वतःच बोलले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, खळ ढवळायचं थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "माझ्या नातवाच्या अंगावर चार तोळे मांस चढलं ते कुणाच्या डोळ्यात खुपतंय, मला ठाऊक आहे." तुझं नाव घेतलं नाही. तुझं नाव या घरात घेतच नाहीत.

चिठ्ठीच्या मागे लिहिलंयस, "त्याला घट्ट वरण दे, अंडं दे, दूध दे." देते हं! स्वयंपाकघर सासूबाईंचं, हौद ह्यांचा, इस्त्री माझी, अशी वाटणी आहे. इथून तिथे जायला आठ पावलं लागतात आणि मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती आठ पावलं टाकता आलेली नाहीत. भिंतीपलीकडे तो खोकतो आणि मी इकडे शर्टाची बाही सरळ करते. वाफेने काच धुरकटलेली असते, बाहेर दिवस आहे की संध्याकाळ तेही कळत नाही.

तू त्या वाढदिवसाला जरा नरमाईने बोलली असतीस तर आज तुला इथे बोलावता आलं असतं. हे मी रागाने लिहिते आहे आणि खोडणार नाही.

धाकटी


६ डिसेंबर

ताई,

तुला हसायला एक गंमत सांगते. तुझी बहीण चोर झाली. मास्तरीणबाईंनी आणून दिलेलं अंडं मी मोज्यात गुंडाळलं आणि कपड्यांच्या भट्टीत उकडलं! शेजारी कुणाचे तरी रुमाल उकळतायत आणि मधे माझा मोजा गचके खातोय. कपाटाआड बसून गब्दूला भरवलं. पिवळं कुस्करून, बोटाच्या टोकावर. आधी थुंकला. मग चघळला. मग ताई, त्याने माझं बोट धरून ठेवलं. मला इतकं रडू आलं की नाक पुसायला गिऱ्हाइकाचा रुमाल घेतला.

काही दिवस हे निभलं. मास्तरीणबाई बिचाऱ्या हॅण्डबॅगेत दुधाची बाटली लपवून आणत होत्या.

परवा घात झाला. अंड्याचा घास तोंडात असतानाच त्याला खोकल्याची उबळ आली. तोंड लालबुंद. सासूबाई कुठून धावत आल्या, कळलं नाही. मुलाला उलटं धरलं, घशात बोट घातलं, पिवळं बाहेर काढलं. आणि ते हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दात वाजत होते त्यांचे. म्हणाल्या, "तू माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांदेखत, दुसऱ्यांदा..." तिथेच जमिनीवर बसल्या.

आता गब्दू माझ्याकडे एकटा नसतो. झोपतोही त्यांच्याच कुशीत. भट्टीत काय टाकते ते बघायला हे येऊन उभे राहतात, नजर चुकवत. मास्तरीणबाईंचा कोट घ्यायला स्वतः पुढे होतात. हे पत्र पोचलं तर नशीब.

सगळ्यात वाईट काय, सांगू? मला त्यांचा राग येत नाहीये. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. राग आला असता तर भांडून निघून तरी गेले असते.

तुझी
धाकटी


१५ डिसेंबर

ताई,

हॉस्पिटलातून लिहिते आहे. इथल्या मोठ्या हॉस्पिटलातून. लिहायला कागद नव्हता, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडलाय, अक्षर लागेल तसं वाचून घे.

काल सकाळपासून तो खोकायचाच थांबला होता. सासूबाई म्हणाल्या, "बघ, उतार पडला. अंगही गार आहे." गल्लीतले डॉक्टर दुकानात शर्ट न्यायला आलेच होते, त्यांनी काउंटरवरूनच पाहिलं आणि म्हणाले, "काय गब्दुलराव, तब्येत झकास!" मी मात्र त्याचा सदरा वर केला. तू पत्रात लिहिलं होतंस तेच दिसलं. श्वास घेताना बरगड्यांखालचं सगळं आत ओढलं जात होतं, आणि श्वास इतका भरभर की मोजता येईना. खोकला थांबला नव्हता, ताई. खोकायची ताकद संपली होती.

मी टेबलावर परत गेले, इस्त्रीचं बटण बंद केलं, तार काढली. दुकानात माणसं उभी होती. म्हटलं, "आज कपडे मिळणार नाहीत." हे "अगं, अगं" करत राहिले. सासूबाईंनी गब्दूला छातीशी असं धरलं होतं की मी हात लावला असता तर ओढाताणच झाली असती. मग मी ओढलंच नाही. त्यांच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, "सोडू नका त्याला. पण चला." त्यांना तशाच, ओल्या पदराने, बाहेर काढलं. त्या आल्या. माझी भीती त्यांना दिसली असावी.

दोन्ही बाजूंना न्यूमोनिया आहे. नाकाला ऑक्सिजन लावलाय. इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा मोजेच काढले. त्यांनी अंगठा दाबला तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

धाकटी


२० डिसेंबर

ताई,

श्वास जरा बरा आहे. ऑक्सिजन काढला. एवढं वाचून थांबू नकोस, पुढे ऐक.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. छातीतल्या रोगाशी लढायला अंगात जे लागतं ते जेवणातूनच बनतं, डाळी-दुधा-अंड्यातून. ते नाही मिळालं की साधा सर्दी-खोकला सरळ छातीत उतरतो. आजार आला की भूक मरते, आपण आणखी पातळ करून पाजतो, आणि पुढचा खोकला त्याहून जोरात येतो. गेले कित्येक महिने गब्दू या रहाटगाडग्याला जुंपलेला होता. आणि म्हणाल्या, एकदम पोटभर घालायचं नाही हं, सोसणार नाही त्याला. थोडं थोडं, दूध, दर काही तासांनी, नाकातल्या नळीने.

आणि आता त्याची सूज उतरतेय. ताई, तू मला हे आधी का नाही सांगितलंस? माझा गब्दू नाहीसा होतोय. रोज वजन कमी भरतं. गाल गेले. मांड्यांची कातडी लोंबते. हाताच्या काड्या झाल्यात. नर्स म्हणतात, "छान, पाणी जातंय." मी मान डोलावते आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबते. हाच होता माझा मुलगा, इतके दिवस, त्या पाण्याखाली.

सासूबाईंनी काल पलंगाशी उभं राहून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "आणलं तेव्हा भरलेलं होतं की नाही पोर? सांगा! मारताय तुम्ही त्याला." हे संध्याकाळी कपड्यांची गाडी घेऊन आले, त्यात चादर अंथरलेली. म्हणाले, "आई म्हणते ते डोळ्यांना दिसतंय की. घरी नेऊ या." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते खोटं वाटलं नाही. डोळ्यांना तेच दिसतंय, हेच तर आहे. घरी मरायला टेकला होता तेव्हा गब्दूल दिसत होता आणि इथे जगायला लागला तर सांगाडा दिसतोय. कुणाला काय समजावू?

मी पलंगावर चढले, गब्दूला पोटाशी घेतलं आणि सांगितलं, "न्यायचा तर माझ्यासकट उचला." ह्यांनी चादरीची घडी केली. मग रिकामी गाडी ढकलत गेले.

सासूबाई गेल्या नाहीत. कोपऱ्यात बसून आहेत. आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही आणि दोघींपैकी एकही जागची हलत नाही.

आता नवीनच संकट. नळी काढायचीय, त्याने तोंडाने खायला हवं. मी चमचा नेते आणि तो तोंड फिरवतो. दात घट्ट. ओठाला लावलं तर रडतो. त्या उबळीनंतर तो माझ्या बोटाला भितो, आणि चार चोरटे घास सोडले तर माझ्या हाताची त्याला सवयच नाही, ताई. मी इस्त्री करत होते.

तुझी
धाकटी


२३ डिसेंबर

ताई,

आधी चांगलं सांगते. जेवला.

परवा आणि काल त्याने माझ्या हातून काही घेतलं नाही. ज्या नळीने त्याला जगवलं ती त्याने दोनदा उपटली. आज दुपारी नर्सने वाटी आणली. दूध, बटाटा, डाळ, अंडं, सगळं कुस्करलेलं, घट्ट. मी भरवायला गेले, त्याने हाताने वाटी उडवली. नर्सने दुसरी आणून दिली. ती घेऊन मी सासूबाईंपुढे जाऊन बसले.

म्हटलं, "आई, तो फक्त तुमच्या हातून खातो."

त्यांनी वाटीत पाहिलं. म्हणाल्या, "याच्यात गाठी आहेत."

"हो."

"गाळून देते."

"नाही, आई."

"तू मला हे करायला लावू नकोस गं." कधी नव्हे ते इतक्या बारीक आवाजात बोलल्या. "काहीही सांग. जन्मभर तुझं धुणं धुवीन."

मी हात जोडले. आणखी काय करणार होते? माझ्या पोराचा जीव त्यांच्या हातात होता. म्हटलं, "मी इथेच बसलेय. नर्स इथेच आहे. अडकलं तर ती बघेल. पण भरवा."

त्यांनी गब्दूला मांडीवर घेतलं. बोटाच्या टोकावर एवढंसं घेतलं. दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या हनुवटीखाली, काही झालं तर झेलायला. आणि गोष्ट सुरू केली, तीच रोजची. गब्दूने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. अगदी सरळ, जणू इतके दिवस याचीच वाट बघत होता. त्यांनी घास ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

त्याने चघळलं. गिळलं. मग त्यांच्या हाताला धरून आणखी मागितलं.

अर्धी वाटी संपली. सासूबाई भरवत होत्या आणि त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत होत्या, प्रत्येक घास खाली उतरेपर्यंत. मला वाटलं आता रडतील, किंवा निदान हसतील. त्यांनी वाटी खाली ठेवली, त्याचा काडीसारखा पाय हातात घेतला.

"माझ्या त्याचेही पाय असेच चकचकीत होते," त्या म्हणाल्या. "लोक म्हणायचे, काय बाळसं धरलंय!"

"त्याला खोकला आधीपासून होता. माझ्या सासूबाई म्हणाल्या, खोकल्यात जड देऊ नकोस. मी पेजेचं पाणीच देत होते. शेवटी शेवटी त्याने माझ्या ताटातला घास हिसकावून तोंडात कोंबला. भूक लागली असेल. तोच छातीत गेला असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणत आले." मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्या बहिणीला विचार. त्याच्या पायावर अंगठा दाबला असता तर खड्डा पडला असता का? ती तोंडाची फटकळ आहे, पण खोटं बोलणार नाही."

ताई, उत्तर मला माहीत आहे. तुला तर आहेच. बहुतेक त्यांनाही आहे. पण रात्री पुन्हा गब्दूला भरवायचंय, उद्या भरवायचंय, किती महिने भरवायचंय, आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाही. त्या हाताला हे कळलं तर तो हात उठेल का, मला सांग.

तू जन्मात कधी खोटं बोलली नाहीस. त्यापायी किती माणसं तोडलीस, मला तोडलंस, तरी नाही. या वेळी बोल. लिही की नाही, पडला नसता, तो घासानेच गेला. मला काय लिहायचं ते वेगळ्या कागदावर लिही, हव्या तेवढ्या शिव्या दे. त्यांच्या कागदावर अक्षर मोठं काढ. त्या स्वतः वाचणार आहेत.

तुझी
धाकटी